मंदीतला शिकाऊ वैमानिक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बोर धरणाच्या वाटेवर, सेलू तालुक्यात वसलेल्या हिंगणीसारख्या गावातून एखादा मुलगा वा मुलगी वैमानिक व्हावयास निघाली, म्हणजे ती गोष्ट त्या एका घरापुरती राहत नाही. कापूस-तुरीच्या उत्पन्नावर चाललेले कुटुंब, भावकीतली चार जाणती माणसे, कर्जाला जामीन राहिलेला मामा आणि कागदपत्रे तपासून देणारा बँकेचा कारकून, या सर्वांचा त्या परवान्यात काही ना काही वाटा असतो. त्यामुळे विमानधंद्यात मंदी येऊन कंपनीने शिकाऊ वैमानिकांना घरी पाठविले, की गावात त्याविषयी जे बोलले जाते, त्याचा परिणाम त्या तरुणाच्या मनावर होतोच, परंतु त्याच्या पाठच्या बहिणीला बारावीनंतर काय शिकू द्यावे, या निर्णयावरही होतो. हे बोलणे द्वेषाचे क्वचितच असते. ते माहितीच्या अभावाचे असते, आणि म्हणूनच त्याचा परामर्श घेणे अगत्याचे वाटते.

सर्वांत दुखविणारा समज तो हा : ‘पोट्ट्यानं काहीतरी घोळ केला असन, नाहीतर कंपनी कायले काढीन?’ कंपनी त्याला का काढते, हे समजून घ्यावयाचे तर विमानाच्या पुढच्या त्या अरुंद खोलीत डोकावले पाहिजे. प्रवासी विमान चालवावयास दोन वैमानिक पुरतात : डाव्या आसनावर कॅप्टन, उजव्या आसनावर को-पायलट. नवा शिकाऊ वैमानिक उजवीकडे बसू लागतो, तेव्हा डावीकडे साधा कॅप्टन चालत नाही, प्रशिक्षण देण्याचा अधिकार असलेला कॅप्टन लागतो. आणि पहिल्या काही उड्डाणांत तर पाठीमागच्या घडीच्या आसनावर आणखी एक तयार वैमानिक केवळ सुरक्षिततेसाठी बसवावा लागतो. म्हणजे जे काम दोघांत होते, ते शिकाऊ माणसामुळे तिघांवर जाते. उत्कर्षाच्या काळात कंपनी हा खर्च आनंदाने करते, कारण पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या विमानांसाठी तिला माणसे हवी असतात; पण विमाने भाड्याने देणाऱ्या कंपन्या ती परत घेऊन जाऊ लागल्या, उड्डाणे निम्म्यावर आली आणि तयार वैमानिकांनाच काम पुरेनासे झाले, की हा तिसऱ्या माणसाचा खर्च प्रथम बंद होतो. यात शिकाऊ मुलाच्या हातून विमान नीट उतरले की आदळले, याचा कोणी विचारही केलेला नसतो. २५ मार्च २०२० रोजी देशांतर्गत प्रवासी उड्डाणे बंद झाली आणि २५ मे रोजी ती सुरू झाली तेव्हा एकतृतीयांश क्षमतेने सुरू झाली. त्याच वर्षीच्या जुलैत देशातील सर्वांत मोठ्या विमानकंपनीने, इंडिगोने, आपले १० टक्के मनुष्यबळ कमी करण्याचे जाहीर केले. अशा वेळी रांगेच्या शेवटी उभा असलेला माणूस बाहेर पडतो तो त्याच्या गुणदोषांमुळे नव्हे, तर तो शेवटी आला म्हणून.

याच्या मुळाशी दुसरा एक समज आहे : परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची १८ वर्षे, बारावीला भौतिकशास्त्र व गणित, पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी, नागर विमानवाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा आणि एकूण २०० तासांचे उड्डाण अशी अट चालत आली आहे. हे २०० तास कोठे लिहिलेले असतात, तर लॉगबुक नावाच्या एका लांबट वहीत. तारीख, विमानाचा प्रकार, नोंदणीचे अक्षरचिन्ह, शिक्षकाबरोबरचा वेळ, एकट्याने उडविलेला वेळ, रात्रीचा वेळ, केवळ उपकरणांच्या आधारे उडविलेला वेळ, असे रकाने पाडलेली ही वही मी एकदा चाळून पाहिली आहे, आणि सातबारा वाचण्याची सवय असलेल्या माणसाला ती लगेच कळते. मात्र त्यातील बहुतेक सर्व तास लहान, बहुधा एका इंजिनाच्या, दोन-चार आसनांच्या विमानातले असतात. दीडशेहून अधिक प्रवासी नेणारे एअरबस वा बोइंग चालविण्यासाठी त्या विशिष्ट जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण, ज्याला टाईप रेटिंग म्हणतात, ते सिम्युलेटरवर पूर्ण करावे लागते, आणि त्यानंतर प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवरचा तो कालखंड येतो ज्याचे वर्णन वर केले. परवाना आणि पगार यांच्यामध्ये अशा दोन पायऱ्या आहेत, आणि मंदी बहुधा मनुष्याला या पायऱ्यांवरच गाठते : परवाना हातात, सिम्युलेटरचे पैसे भरलेले, आणि रुजू होण्याचा हुकूम मात्र येत नाही.

‘वैमानिकांचा तर म्हणे तुटवडा आहे,’ असे यावर कोणी म्हणेल, आणि तो ते वर्तमानपत्रात वाचूनच म्हणत असेल. तुटवडा आहे हे खरे. तो कोणाचा आहे, हे त्या बातमीत बहुधा नसते. कॅप्टन होण्यासाठी लागणारा वरच्या दर्जाचा परवाना १५०० तासांच्या उड्डाणाशिवाय मिळत नाही, आणि प्रशिक्षण देणारा कॅप्टन तर त्याहूनही अनुभवी लागतो. कामाच्या व विश्रांतीच्या तासांचे नवे नियम पूर्णत्वाने लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ च्या आरंभी इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली आणि वैमानिक अपुरे पडल्याचे सर्वांनी पाहिले. पण त्या आठवड्यात २०० तासांचा ताजा परवाना घेऊन घरी बसलेल्या मुलांना बोलावून ती उणीव भरून काढता आली नसती, कारण त्यांना उजव्या आसनावर बसविण्याइतके तयार करावयास काही महिने लागतात. तुटवडा आणि बेकारी एकाच धंद्यात, एकाच दिवशी, शेजारी शेजारी नांदू शकतात.

ही सारी नव्या काळाची व्याधी आहे, असेही समजू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराला नकोशी झालेली डकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली, परवाने सढळ हाताने वाटले गेले, आणि इतक्या कंपन्या निघाल्या की त्यांना पुरतील एवढे प्रवासी देशात नव्हते. १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीने कंपन्यांची ही बेसुमार संख्या हेच दुखण्याचे एक मूळ असल्याचे दाखविले, आणि १९५३ मध्ये कायदा होऊन देशांतर्गत वाहतूक करणाऱ्या आठ कंपन्या एका महामंडळात विलीन झाल्या. त्याच धामधुमीत, १९४९ च्या जानेवारीपासून, आपल्या नागपूरच्या सोनेगावला मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास अशा चारी दिशांची टपालविमाने मध्यरात्री एकत्र येऊन पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परत जात. विदर्भाला विमानाचे नवल नाही. आणि उडत्या धंद्यातील चढउतारही या देशाला नवे नाहीत.

कर्जाविषयीचा समज मात्र घर बुडविणारा आहे, म्हणून त्याच्याकडे सावकाश पाहिले पाहिजे. परवान्यापर्यंतचा खर्च साधारणतः ४० ते ५० लाखांच्या आसपास जातो, टाईप रेटिंग धरले तर त्यात आणखी १५-२० लाखांची भर पडते, आणि कंपन्यांशी जोडलेले काही अभ्यासक्रम कोटीच्या घरात आहेत. बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्जयोजनेप्रमाणे साडेसात लाखांवरील कर्जाला तारण लागते. येथे शेतकरी गृहीत धरतो की आपली आठ-दहा एकर आहेच. पण थकलेल्या कर्जासाठी तारण जप्त करण्याचा जो अधिकार बँकेला २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला, तो शेतजमिनीला लागू नाही, आणि म्हणून एवढ्या मोठ्या कर्जाला बँक शेताचा सातबारा सहसा मान्य करीत नाही. मग एक तर शेताचा तुकडा विकला जातो, नाहीतर वर्धेला वा नागपूरला राहणाऱ्या काकाचे घर गहाण पडते. आणि ‘नोकरी लागेपर्यंत हप्ता नाही’ ही जी ग्वाही दलालाच्या तोंडून ऐकावयास मिळते, तिला करारात आधार नसतो. सवलतीची मुदत सामान्यतः अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष एवढीच असते. ती नोकरीशी बांधलेली नसून कॅलेंडरशी बांधलेली असते, आणि त्या मुदतीतही व्याज चढतच राहते. ४० लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी १५ वर्षांत फेडावयाचे म्हटले, तर मासिक हप्ता ४५ हजारांच्या पुढे जातो. कोरोनाच्या काळात रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिन्यांची सूट दिली, तीही हप्त्यांना होती, व्याजाला नव्हती. सही करण्यापूर्वी सवलतीच्या मुदतीची ओळ करारात शोधून काढावी, आणि सापडली नाही तर शाखाधिकाऱ्यांकडून ती लेखी मागावी, असे मी सर्व आईबापांना आग्रहाने सांगेन. खाजगी कर्जाआधी सरकारी मार्गही पाहावेत : इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी नागपूरच्या ‘महाज्योती’ने नागपूर फ्लाईंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाचा सारा खर्च उचलण्याची योजना राबविलेली आहे. जागा अगदी थोड्या असतात, पण तेथे घर गहाण पडत नाही.

‘गवगवा केला की कंपनी परत घेते’ हा समज एका सत्य घटनेतून आला. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने सुमारे १,९०० जणांना कमी करण्याचे ठरविले. त्यांत परिविक्षेवरचे आणि प्रशिक्षण घेणारे तरुण पुष्कळ होते. मुंबईत निदर्शने झाली, राजकीय पक्षांनी प्रकरण हाती घेतले, आणि एक-दोन दिवसांत अध्यक्ष नरेश गोयल यांनी निर्णय मागे घेतला. ते दृश्य महाराष्ट्राच्या लक्षात राहिले. परंतु तीच कंपनी १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसर-मुंबई हे शेवटचे उड्डाण करून थांबली, तेव्हा निर्णय मागे घ्यावयास कोणी उरलेच नव्हते. दिवाळखोरीचे प्रकरण पाच वर्षांहून अधिक चालून ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. मुंबईचीच गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली आणि तिचीही गत तीच झाली. मोडीत निघालेल्या कंपनीच्या मालमत्तेतून आधी दिवाळखोरी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेले सावकार व कामगारांची २४ महिन्यांची देणी, आणि त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची देणी असा कायद्याचा क्रम आहे. ज्याचे नेमणूकपत्र अद्याप आलेलेच नाही, तो या क्रमात कर्मचारी म्हणून कोठेच बसत नाही. छाटणीची एक महिन्याची सूचना आणि दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांच्या पगाराएवढी भरपाई हा जुना हक्क १९४७ च्या कायद्यात होता आणि नव्या कामगार संहितेतही आहे, पण त्यासाठी सलग एक वर्षाची सेवा भरावी लागते. शिकाऊ वैमानिक बहुधा त्या आतच बाहेर पडतो.

राहता राहिला तो समज, जो घरी परतलेल्या मुलाला रोज दारात भेटतो : ‘परवाना तर आहे ना, बाजार सुधारला की जाशील.’ परवाना कपाटात ठेवून टिकत नाही. तो जारी होतो तो आता दहा वर्षांसाठी, पण त्याचा उपयोग करण्याचा अधिकार लहान लहान मुदतींवर लटकलेला असतो : मागील ९० दिवसांत तीन वेळा उड्डाण व अवतरण केलेले असले पाहिजे, उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता दर वर्षी तपासून घ्यावी लागते, वैद्यकीय दाखलाही दर वर्षीचा. यातील प्रत्येक गोष्टीला पैसे पडतात, आणि ते कमाई नसतानाच्या काळात पडतात. एक-दोन वर्षे उड्डाणाविना गेली, की बाजार सुधारल्यावर कंपनी पुन्हा सिम्युलेटरवर पारखते, आणि तोवर शाळांतून नव्याने बाहेर पडलेले तरुण त्याच्या शेजारी उभे असतात. म्हणून ‘घरी बसला आहे’ असे ज्याला म्हटले जाते, तो वैद्यकीय तपासणीला जात असतो, तासाच्या दराने विमान भाड्याने घेऊन तीन अवतरणे पुरी करीत असतो. ज्यांना जमते ते साहाय्यक उड्डाणशिक्षकाची पात्रता मिळवून एखाद्या प्रशिक्षणसंस्थेत शिकवू लागतात. विदर्भात गोंदियाजवळ बिरसीला अशी मोठी संस्था आहे, आणि अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडियाने वर्षाला १८० वैमानिक घडविण्याची योजना जाहीर केली आहे. या कामाचा मोबदला विमानकंपनीच्या पगाराशी तुलना करण्यासारखा नसतो. मात्र विद्यार्थ्याला शिकवीत हवेत घालविलेला वेळ शिक्षकाच्याही लॉगबुकात लिहिला जातो, आणि कॅप्टनच्या परवान्याला लागणाऱ्या १५०० तासांत तो धरला जातो.