ज्वालामुखीने घडवलेला आपला माळ



आफ्रिकेतील प्राण्यांचे कार्यक्रम आपल्या घरोघरी आवडीने पाहिले जातात. टांझानियातील न्गोरोंगोरो हे त्यांतले एक प्रसिद्ध ठिकाण. लाखो वर्षांपूर्वी तेथील एक प्रचंड ज्वालामुखी आत कोसळला आणि सुमारे १९ किलोमीटर रुंद, ६०० मीटर खोल असे कढईसारखे मैदान तयार झाले. आज तेथे सिंह, गेंडे, हत्ती, झेब्रे राहतात. शेजारच्या मैदानांवर ज्वालामुखीची राख पडून खाली टणक थर बनला. त्यात झाडांची मुळे उतरत नाहीत, म्हणून तेथे गवत वाढते आणि त्या गवतावर हजारो प्राणी जगतात. १९५९ पासून हा प्रदेश संरक्षित आहे. मसाई लोक आपली गुरे घेऊन त्याच भागात राहत आले आहेत.

हे सर्व सांगण्याचे कारण असे की, करजगी, कलबुर्गी आणि बीदरकडील आपली जमीनसुद्धा ज्वालामुखीचीच देणगी आहे. फरक इतकाच की आपल्याकडे डोंगर फुटला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. हाच आपला काळा पाषाण. सह्याद्रीत याची जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत आहे. आपल्याकडे येईतो तो पातळ होतो. कलबुर्गीच्या पुढे शहाबादी फरशीचा चुनखडक लागतो, म्हणजे आपण या लाव्हाच्या काठावर बसलो आहोत.

विहीर खोदताना दोन काळ्या थरांच्या मध्ये कधी कधी लाल मातीचा पट्टा लागतो. एक लाव्हा थंड होऊन त्यावर माती तयार झाली, मग दुसरा लाव्हा येऊन ती भाजली गेली, अशी त्याची गोष्ट आहे. बीदरला काळ्या पाषाणावर जांभा आहे. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते आणि खाली अडते. हे ओळखूनच बहामनी काळात तेथे भुयारी पाण्याची सुरंग बावी खोदली गेली.

पाषाण झिजून सखल भागात काळी माती साचली. तिच्यावर आपली तूर आणि ज्वारी पिकते. उंचावर मात्र वीतभर माती आणि खाली मुरूम. तेथे मोठी झाडे तग धरत नाहीत, कुसळी गवत येते. तोच आपला माळ. काळवीट, लांडगा, खोकड, ससा यांचे ते घर आहे, आणि मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांचे चराऊ रान.

बँकेच्या नोकरीत कर्जाच्या कागदांबरोबर जमिनीचे उतारे रोज पाहिले. त्यांत अशा जमिनीला एकच शब्द असे : खराब. ज्यातून उत्पन्न नाही, त्याला किंमत नाही. या एका शब्दाने माळाचे फार नुकसान केले. कुठे तो नांगरला गेला, कुठे मुरुमासाठी उकरला, तर कुठे चांगल्या हेतूने त्यावर झाडे लावली गेली. पण उघड्या रानात दूरवर पाहून जीव वाचवणाऱ्या काळविटाला दाट झाडी अडचणीची ठरते.

माळ गेला की काय होते, हे शेजारच्या सोलापूर जिल्ह्याने पाहिले आहे. नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. आज संपूर्ण देशात माळढोक दोनशेसुद्धा उरलेले नाहीत.

शेतकऱ्यांची तक्रारही खरी आहे. काळविटांचा कळप कोवळी तूर, मूग खाऊन जातो. पण गायरान शिल्लक राहिले नाही, तर कळप शेतात येणारच. १९७२ च्या कायद्याने काळवीट मारण्यास बंदी आहे. म्हणून त्याला जागा ठेवणे हाच शेताच्याही हिताचा मार्ग.

आपल्या जिल्ह्यात चिंचोळीला २०११ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. पण गावोगावचे माळ त्याच्या हद्दीबाहेर आहेत, त्यांची राखण आपल्यालाच करावी लागेल. ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला की सभासदांनी अवश्य हजर राहावे. वृक्षारोपण जरूर करावे, पण ते घराजवळ, बांधावर, ओढ्याकाठी. माळाला गवतच राहू द्यावे. आणि सुट्टीत मुले गावी आली की त्यांना एकदा सकाळी माळावर न्यावे. काळवीट बघायला आफ्रिकेला जावे लागत नाही.