तक्तपोशी, लाकडी
फळ्या जोडून केलेली जमीन. लाकूड हवेतील बाष्प शोषून फुगते व कोरड्या हवेत आकसते. हा बदल फळीच्या लांबीत नगण्य असतो. रुंदीत मात्र तो जाणवतो. सागाच्या बाबतीत वाढवलयांना समांतर दिशेतील बदल अरीय दिशेतील बदलाच्या सु. दुप्पट असतो. त्यामुळे अरीय कापाच्या, अरुंद फळ्या अधिक चांगल्या.

मुंबईतील पावसाळ्यात लाकडातील जलांश ५-६ टक्क्यांनी वाढल्यास वलयांना समांतर कापलेली १०० मिमी. रुंदीची सागवानी फळी सु. १ मिमी. रुंदावते. ३ मी. रुंदीच्या खोलीत अशा ३० फळ्यांची एकूण वाढ सु. ३ सेंमी. होऊ शकते. तिला वाव न मिळाल्यास जमीन फुगून वर उचलली जाते. म्हणून भिंतीलगत फट सोडून ती पट्टीने झाकतात. कोरड्या ऋतूत फळ्या बसविताना त्यांच्या सांध्यांतही किंचित फट ठेवतात. पावसाळ्यात त्या घट्ट बसवितात, कारण पुढे त्या आकसणारच असतात.

जोगेश्वरीजवळील ओशिवरा येथील जुन्या लाकडी सामानाचा बाजार प्रसिद्ध आहे. जुने सागवान मुरलेले असल्याने ते सहसा पिळवटत नाही. तथापि ते बाष्प शोषतच राहते. म्हणून जुन्या फळ्यांसाठीही फट सोडणे आवश्यक असते.