कमी बॅटरीवर चालणारं कुटुंब: स्लॉथ, मुंगीखाऊ आणि आर्माडिलो

आजच्या भागात दक्षिण अमेरिकेतले तीन नातेवाईक. स्लॉथ झाडाला उलटा लटकतो, मुंगीखाऊला दातच नाहीत, आणि आर्माडिलो हाडांचं चिलखत घालून फिरतो. दिसायला काही मेळ नाही, पण तिघेही एकाच गटातले: झेनार्थ्रा, म्हणजे 'विचित्र सांधे'. आर्माडिलो आणि मुंगीखाऊच्या कमरेच्या मणक्यांत इतर सस्तन प्राण्यांत नसलेले जादा सांधे असतात, त्यावरून हे नाव पडलं.

आपल्या कोकणातलं खवले मांजरही मुंग्या खातं, त्यालाही दात नसतात. मग ते यांचं भावंड? नाही! ते मांसाहारी प्राण्यांच्या जास्त जवळचं. आहार सारखा, म्हणून अवयवही सारखे घडले, इतकंच.

या कुटुंबाची खरी खासियत म्हणजे ते कायम 'पॉवर सेव्हिंग मोड'वर असतात. आपलं शरीर ३७ अंशांवर चालतं, मोठ्या मुंगीखाऊचं साधारण ३३ वर. स्लॉथचं तापमान तर हवेप्रमाणे वरखाली होतं. का? स्लॉथ पानं खातो. त्यांतून ऊर्जा कमी मिळते आणि ती पचायला कित्येक दिवस लागतात. म्हणजे त्याला आळशी म्हणणं अन्याय आहे, बिचाऱ्याचं उत्पन्नच कमी, मग खर्चही जपून. तीन बोटांचा स्लॉथ शौचाला झाडावरून उतरतो तेही आठवड्यातून साधारण एकदा.

मुंगीखाऊचा हिशोब आणखी भारी. जीभ सुमारे ६० सेंटिमीटर. वारूळ फोडायचं, पटापट चाटायचं आणि सैनिक मुंग्या चावायला धावल्या की मिनिटभरात निघायचं. वारूळ संपत नाही, परत येता येतं.

पण या काटकसरीत एक अडचण आहे. मोठ्या मुंगीखाऊची मादी सुमारे सहा महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू देते आणि त्याला कित्येक महिने पाठीवर वागवते. ब्राझीलच्या गवताळ भागात वणवे लागतात, हायवेवर गाड्या यांना उडवतात. एक मादी गेली की तिची जागा भरायला वर्षं लागतात. संथ चालणारी सिस्टीम संथ जगात उत्तम टिकते. आपण ते जगच फास्ट केलंय, आणि त्या वेगाला यांच्याकडे अपडेट नाही.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत कुणाला 'स्लॉथसारखा आळशी' म्हणायच्या आधी जरा थांबा!