चिपमधला खेळ कोणाचा?

समजा तुमच्या शाळेला कोणा दात्याने व्हिडिओ-खेळाचे एक जुने यंत्र भेट दिले. कपाटाएवढी लाकडी पेटी, वर पडदा, खाली दांडी आणि दोन-तीन बटणे, नाणे टाकायला एक खाच. १९८० च्या सुमारास अमेरिकेत आणि जपानमध्ये अशी यंत्रे जागोजागी उभी असत. मागची फळी काढली की आत एक मोठा सर्किट बोर्ड दिसतो. त्यावर ओळीने बसवलेल्या काही चिप्सवर कागदी पट्टीचे तुकडे चिकटवलेले असतात. त्या पट्ट्या काढू नका! प्रत्येक पट्टीखाली काचेसारखी एक लहानशी पारदर्शक खिडकी असते आणि त्या खिडकीच्या आत सारा खेळ साठवलेला असतो.

आता यंत्र शाळेचे झाले. पण खेळही शाळेचा झाला का? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी त्या खिडकीत डोकावू या.

या चिपला ईप्रॉम म्हणतात. इंटेल कंपनीतील डॉव्ह फ्रोमन यांनी ती १९७१ मध्ये तयार केली. तिच्यात हजारो सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतात आणि प्रत्येकात सिलिकॉन डायऑक्साइडने, म्हणजे एका परीने काचेनेच, चहूबाजूंनी वेढलेला एक कप्पा असतो. सुमारे २५ व्होल्टचा दाब देऊन या कप्प्यात इलेक्ट्रॉन ढकलतात. इलेक्ट्रॉन अडकले की तेथे ० लिहिला गेला. कप्पा रिकामा राहिला तर १. खेळातील राक्षसाचे चित्र, त्याची चाल, तुमचे गुण मोजण्याची रीत, सारे काही या शून्य-एकांतच असते.

अडकलेल्या इलेक्ट्रॉनला काचेची भिंत ओलांडायला सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. ही ऊर्जा प्रकाशाकडून मिळेल का? गणित सोपे आहे. १२४० ला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागा, की प्रकाशकणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी ६५० धरली तर उत्तर १.९ येते, म्हणजे तो निरुपयोगी. पाऱ्याच्या दिव्यातील २५४ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचे उत्तर ४.९ येते. असा दिवा खिडकीवर सुमारे वीस मिनिटे धरला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि चिप कोरी होते. कडक उन्हातही ३०० ते ४०० नॅनोमीटरचे किरण असतात, त्यामुळे आठवडाभर उन्हात ठेवलेली उघडी चिप सारे विसरू शकते. ती कागदी पट्टी लावलेली असते ती यासाठी. (अतिनील दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका, हे सांगायला हवेच.)

पण अंधारात ठेवले तरी हे इलेक्ट्रॉन कायमचे कोंडून राहत नाहीत. एखाद-दुसरा हळूहळू निसटत राहतो. या चिप्स दहा ते वीस वर्षे टिकाव्यात असा हिशेब होता. पुष्कळ चिप्स त्याहून कितीतरी अधिक टिकल्या, पण त्या चाळीस वर्षे ओलांडून गेल्या आहेत आणि कोणती केव्हा विसरेल ते सांगता येत नाही.

दुसरीकडे कायद्याचे घड्याळ आहे आणि ते फार सावकाश चालते. अमेरिकेत एखाद्या कंपनीने आपल्या नोकरांकडून करवून घेतलेल्या कृतीचा स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट, प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकतो. १९८१ साली बाजारात आलेला असा खेळ २०७६ संपेपर्यंत कोणाच्या तरी मालकीचा राहणार. तोवर तुमची नातवंडे शाळेत जात असतील. चिपला मात्र तितका दम नाही. तिच्यातील मजकूर वेळेवर दुसरीकडे उतरवून घेतला नाही तर हक्क शिल्लक राहील आणि ज्यावर हक्क आहे ती वस्तूच नाहीशी होईल.

मग चिपमधले शून्य-एक उतरवून घेणे ही नक्कल झाली का? हा प्रश्न अमेरिकेतील न्यायालयापुढे आला होता. विल्यम्स कंपनीच्या ‘डिफेंडर’ या खेळासारखाच खेळ असलेले सर्किट बोर्ड आर्टिक नावाची कंपनी विकत होती. आर्टिकचा एक मुद्दा असा, की चिप हा यंत्राचा भाग आहे. ती काही माणसाने वाचण्याचे पुस्तक नव्हे, तेव्हा तिला स्वामित्वहक्क कसला? १९८२ मध्ये न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. चिपमधली आज्ञावली ही लिहिलेली कृतीच आहे, मग ती कागदावर असो की सिलिकॉनवर. मला हा निकाल योग्य वाटतो. तेव्हा शाळेच्या प्रश्नाचे उत्तर हेच: पेटी शाळेची, चिपही शाळेची, पण खेळाच्या प्रती काढून वाटण्याचा हक्क शाळेचा नाही. ग्रंथालयातले पुस्तक तुमच्या हाती आले म्हणून ते छापून वाटण्याचा हक्क तुम्हांला मिळत नाही, तसेच हे.

कोणी म्हणेल, खेळाचे नियम ठाऊक आहेत, तर नवा खेळ लिहून काढू. कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, तेव्हा हे करता येते. पण त्यात मूळ खेळ हाती येत नाही. जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये केलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घ्या. पडद्यावर ५५ परग्रहवासी असतात आणि सेकंदाच्या साठाव्या भागात यंत्र त्यांपैकी एकालाच पुढे सरकवते. म्हणजे साऱ्या पलटणीचे एक पाऊल पडायला ५५/६० सेकंद लागतात. तुम्ही पन्नास जण टिपलेत की उरलेल्या पाचांचे पाऊल ५/६०, म्हणजे सेकंदाच्या बाराव्या भागात पडते! खेळ शेवटाकडे अंगावर धावून येतो तो यंत्राच्या मंद गतीमुळे. निशिकादो यांच्या हे लक्षात आले आणि त्यांनी ते मुद्दाम तसेच ठेवले. असे बारकावे मूळ आज्ञावलीत आणि मूळ यंत्राच्या वागण्यात असतात. हा सारा खेळ ८ किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. हा लेख संगणकात साठवला तर तेवढ्या जागेत तो निम्म्यावरच संपेल.

इटलीतील निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये ‘मेम’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली, ती यासाठीच. ती आजच्या संगणकाला जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करायला लावते. तिच्यात खेळ मात्र नसतात. चिपमधून उतरवलेला मजकूर तिला वेगळा द्यावा लागतो आणि तो घेण्याचा हक्क तुम्हांला आहे की नाही, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

बहुतेक खेळांच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असेच आहे. परंतु काही मालकांनी आपण होऊन दार उघडले. जेमी फेंटन यांनी रचलेला ‘रॉबी रोटो’ हा भुयारे खोदत ओलिसांना सोडवण्याचा खेळ १९८१ मध्ये बॅली मिडवे कंपनीने बाजारात आणला, पण तो फारसा चालला नाही. पुढे हक्क फेंटन यांच्याकडे होता. १९९९ मध्ये त्यांनी बिगरव्यापारी वापरासाठी तो सर्वांना विनामूल्य खुला केला. ‘ग्रिडली’ तर बाजारात आलाच नव्हता, तोही त्याच्या एका निर्मात्याने, हॉवर्ड डेलमन यांनी, असाच खुला केला. एक्सिडी कंपनीचे ‘सर्कस’, ‘टार्ग’, ‘स्टार फायर’ हे खेळही याच रीतीने मिळतात. बाजारात यशस्वी न झालेला रॉबी रोटो आज निर्धास्तपणे जतन करता येतो आणि त्याच काळातील कितीतरी गाजलेले खेळ येत नाहीत, ही गंमतच म्हणायची.

‘विनामूल्य’ आणि ‘मालकी नसलेला’ यांत मात्र गल्लत करू नका. फेंटन यांनी हक्क सोडला नाही, परवानगी दिली. विज्ञान प्रदर्शनात रॉबी रोटो मांडून सर्वांना फुकट खेळू दिलात तर ते परवानगीत बसते. डावाला दोन रुपये घेतलेत की बसत नाही. तिकीट लावणारे संग्रहालय कोणत्या बाजूला पडते? येथे वकील वाद घालतील. खुद्द मेमवरही बिगरव्यापारी वापराची अट होती. शेकडो सहकाऱ्यांचे काम तीत असल्याने त्यांची संमती मिळवावी लागली आणि मार्च २०१६ मध्ये ती अट निघाली.

आपल्याकडे १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृतीत जागा मिळाली. लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षे हक्क टिकतो. कायदेशीरपणे मिळालेल्या प्रतीवरून स्वतःच्या बिगरव्यापारी वापरासाठी नक्कल करायला आपला कायदा मुभा देतो. ‘कायदेशीरपणे मिळालेल्या’ हे शब्द त्यात महत्त्वाचे आहेत.

शेवटी एक उदाहरण सोडवा. एकाच खेळाच्या दोन जुन्या चिप्समधून एकाच जागेचे आठ आकडे वाचले. पहिलीत १०११०१११ मिळाले, दुसरीत १११००१११. दोन्ही चिप्समधून काही इलेक्ट्रॉन निसटले आहेत. निसटल्याने ० चा १ होतो, १ चा ० कधीच होत नाही. मग मूळ आकडे कोणते होते?