आभाळातून पंचनामा

ॲमेझॉनचं जंगल कुठे आणि किती तुटतंय हे आता रोजच्या रोज कळतं, असा सर्वसाधारण समज आहे. तो बराचसा खराही आहे. ब्राझीलची अंतराळ संशोधन संस्था ‘इन्पे’ 1988पासून ‘प्रोदेस’ या प्रकल्पातून दरवर्षी तुटलेल्या जंगलाचं मोजमाप करते. 2004मध्ये तिने ‘देतेर’ ही तातडीचे इशारे देणारी यंत्रणा उभी केली. त्या वर्षी 27,772 चौरस किलोमीटर जंगल, म्हणजे साडेसात गोवे मावतील एवढं, सपाट झालं होतं. 2012मध्ये हा आकडा 4,571वर आला. या नजर ठेवण्यात भारताचाही वाटा आहे. देतेरच्या सुधारित आवृत्तीने भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहाची चित्रं वापरली, आणि ब्राझीलने स्वतः बांधलेला ‘अमेझोनिया-1’ हा उपग्रह 28 फेब्रुवारी 2021 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीवर बसूनच अवकाशात गेला. एवढं सगळं हाताशी असताना 1950च्या दशकातल्या रचनेचं, एका इंजिनाचं, चार-सहा माणसांचं विमान घेऊन जंगलावर घिरट्या कशाला घालायच्या, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. त्याचं उत्तर असं की उपग्रह खबर देतो. पंचनाम्याला माणसं लागतात, आणि ती माणसं घटनास्थळी नेणारं सर्वांत स्वस्त साधन अजूनही हे छोटं विमानच आहे.

शिवाय खबरीतही एक मोठी फट आहे. गुरांच्या कुरणासाठी किंवा सोयाबीनसाठी जंगल सरसकट साफ केलं जातं, ते अवकाशातून उघड दिसतं. लाकूडचोर मात्र सगळं जंगल तोडत नाही. त्याला हवं असतं महोगनी किंवा इपे. ही झाडं एकेकटी, दूरदूर उभी असतात. इपेचं कापण्याजोगं झाड शोधायला कित्येक हेक्टर पालथे घालावे लागतात. त्या एका झाडासाठी बुलडोझरने रस्ता काढायचा, ओंडका ओढत आणायचा, जंगलातच सपाट केलेल्या एका फडावर रचून ठेवायचा आणि ट्रकची वाट बघायची, अशी ही रीत. वरून पाहिलं तर छताला काही भोकं पडलेली दिसतात आणि वर्षा-दोन वर्षांत वेली-झुडपं ती बुजवून टाकतात. ग्रेग आस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या फटीची रुंदी पहिल्यांदा नीट दाखवली. 1999 ते 2002 या काळात ब्राझीलच्या लाकूड उत्पादक ॲमेझॉन राज्यांत दरवर्षी 12,075 ते 19,823 चौरस किलोमीटर जंगलात अशी निवडक तोड झाली होती. तोवर नोंदल्या गेलेल्या जंगलतोडीच्या तुलनेत हे क्षेत्र 60 ते 123 टक्के भरत होतं. सरकारी हिशेबात जेवढं नुकसान दिसत होतं, जवळपास तेवढंच दुसरं नुकसान हिरव्या छताखाली दडलेलं होतं. आज उपग्रहांची नजर पुष्कळ तीक्ष्ण झाली आहे, निवडक तोडीचे इशारेही देतेर देतं. पण तोड कायदेशीर परवान्यातली आहे की चोरीची, आज चालू आहे की तीन महिन्यांपूर्वी आटोपली, ट्रक कुठल्या वाटेने गेले, हे इशाऱ्यातून क्वचितच कळतं.

इथे सेसना 172, 182 किंवा 206 यांसारख्या विमानाची साधी रचना कामी येते. सेसना 172चं पहिलं उड्डाण 1955मधलं. आजवर 44,000हून अधिक बांधली गेली, इतकं दुसरं कुठलंच विमान बनलेलं नाही. तिचे पंख छताच्या पातळीवर आहेत, त्यामुळे खिडकीतून खाली पाहताना आड येतो तो फक्त पंखाला टेकू देणारा तिरका दांडा. खिडकीचं तावदान वरच्या बिजागरीवर लटकतं. त्याला अडवणारी छोटी पट्टी सोडवली की उडत्या विमानात वाऱ्याचा दाबच ते उचलतो आणि पंखाच्या पोटाशी धरून ठेवतो. कॅमेरा आणि जंगल यांच्यामध्ये मग काचही राहत नाही. प्रवासी जेट ज्या वेगाला आभाळात टिकूच शकणार नाही, अशा ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने हे विमान निवांत चालतं. तीनेकशे मीटरवरून ओंडके मोजता येतात. त्यांच्या कापलेल्या तोंडाचा रंग ओळखता येतो: तोंड ताजं, उजळ असेल तर तोड काही दिवसांतली, करडं पडलं असेल तर माल जुना. तांबड्या मातीवर चाकांच्या चऱ्या दिसतात, त्या पावसाने पुसट झाल्या की नाही तेही दिसतं. ताडपत्रीचं खोपटं, डिझेलची पिंपं, चुलीचा धूर दिसतो. आणि मुख्य म्हणजे नजर तिरपी पडते. उपग्रह बहुधा डोक्यावरून पाहतो, त्याला झाडाचा शेंडा दिसतो. विमानातून कडेने पाहणाऱ्याला फांद्यांच्या खाली लपवून ठेवलेला ट्रॅक्टरही दिसतो.

पण नेमकी हीच तिरपी नजर वैमानिकाच्या जिवावर उठू शकते, आणि या कामाबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे. खाली काही दिसलं की त्याच्याभोवती फेरी घ्यावी लागते. फेरी घ्यायची म्हणजे विमान एका अंगावर कलतं करायचं. सरळ उडताना पंख फक्त विमानाचं वजन पेलतो. कलल्यावर त्याला वजनही पेलायचं असतं आणि विमान वळवायचंही असतं. त्यामुळे ज्या वेगाखाली पंख हवेची पकड सोडतो, तो वेग कलण्याबरोबर वाढत जातो. उंची राखून 45 अंशांत वळताना तो सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो, 60 अंशांत 41 टक्क्यांनी. सेसना 172चे पंख सरळ उड्डाणात ताशी सुमारे शंभर किलोमीटरपर्यंत साथ देतात. 60 अंशांच्या वळणात तीच मर्यादा एकशेचाळीसवर जाते. आता फोटो काढणारा म्हणतो, जरा आणखी वळव, ट्रकची नंबरप्लेट दिसू दे. वैमानिक खाली पाहत वळण घट्ट करतो, वेग नकळत उतरतो, आतल्या बाजूचा पंख आधी पकड सोडतो आणि विमान गिरकी घेत खाली जातं. हजार-दीड हजार मीटरवर यातून सावरता येतं, तीनशे मीटरवर सावरायला जागाच उरत नाही. म्हणून या कामाचा पहिला नियम असा की उडवणाऱ्याने उडवायचं आणि पाहणाऱ्याने पाहायचं. वैमानिकाने खालच्या ओंडक्यांकडे टक लावायची नाही. इंजिन बंद पडलं तर सेसना आपल्या उंचीच्या नऊपट अंतर तरंगत जाते, म्हणजे तीनशे मीटरवरून जेमतेम पावणेतीन किलोमीटर. तेवढ्या टप्प्यात नदीतला वाळूचा पट्टा किंवा एखादी धावपट्टी आली तर ठीक, नाहीतर खाली तीस-चाळीस मीटर उंचीच्या झाडांचं छत आहे. गस्तीचा वैमानिक दर मिनिटाला मनात अशी उतरायची जागा ठरवत आणि बदलत असतो.

हे साधन संस्थेच्या रूपात वापरण्याचा एक जुना नमुना ॲमेझॉनबाहेरचा आहे. अमेरिकेत 1979मध्ये ‘लाइटहॉक’ ही संस्था निघाली. वैमानिक आपापली विमानं आणि वेळ देतात, संस्था त्यात पत्रकार, शास्त्रज्ञ आणि लोकप्रतिनिधींना बसवते. अलास्कातल्या टोंगास या थंड प्रदेशातल्या वर्षावनाची सरसकट तोड तिने अशीच अनेकांना वरून दाखवली, आणि 1990मध्ये अमेरिकी काँग्रेसने टोंगासमधल्या तोडीवर बंधनं आणणारा कायदा केला. कायद्यामागे इतरही अनेकांचे कष्ट होते, पण विमानातली रिकामी खुर्ची कोणाला द्यायची हा विचार लाइटहॉकने मध्यभागी आणला, आणि तो माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा मोलाचा आहे. नकाशावरच्या लाल ठिपक्यांवर वाद घालता येतो. 2019मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी जंगलतोडीचे आकडेच खोटे ठरवले, इन्पेचे संचालक रिकार्दो गाल्वाँ त्या आकड्यांच्या बाजूने ठाम उभे राहिले आणि त्यांना पद सोडावं लागलं. जिल्ह्याचा अधिकारी, आदिवासी गावाचा प्रमुख आणि एक पत्रकार अशा तिघांनी एकाच खिडकीतून ओंडके पाहिले असतील, तर त्यांना खोटं ठरवणं तितकं सोपं नाही. ब्राझीलमध्ये महोगनीच्या बाबतीत असंच काहीसं घडलं. पारा राज्यात, जे क्षेत्रफळाने चार महाराष्ट्रांएवढं आहे, ग्रीनपीसने हवाई पाहणी आणि जमिनीवरचा शोध यांची सांगड घातली. 2001च्या ऑक्टोबरमध्ये पर्यावरण खात्याच्या ‘इबामा’ या यंत्रणेने तिथे मोठे साठे जप्त केले आणि सरकारने महोगनीची तोड, वाहतूक, निर्यात थांबवली. पुढच्याच वर्षी महोगनीला वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेण्याचा निर्णय झाला.

चोरीची तऱ्हा त्यानंतर बदलली. आता लाकूड कागदावर धुतलं जातं. परवाना असलेल्या जमिनीवर प्रत्यक्षात आहेत त्याहून जास्त इपेची झाडं दाखवायची. त्या नसलेल्या झाडांच्या नावाने वाहतुकीचे परवाने मिळवायचे. आणि शेजारच्या आदिवासी राखीव क्षेत्रातून तोडलेला माल त्या परवान्यांवर रस्त्याला लावायचा. पारामधल्या परवान्यांत इपेचं प्रमाण फुगवलेलं असल्याचं 2018मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मधल्या अभ्यासाने दाखवून दिलं. अशा वेळी सर्वांत बोलका फोटो कधी कधी अभंग जंगलाचा असतो. कागदानुसार हजारो घनमीटर लाकूड बाहेर पडलेल्या जमिनीवर ना रस्ता, ना फड, ना बुंधा, एवढं खिडकीतून दिसलं की खोटेपणा उघडा पडतो. 2014मध्ये ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी सांतारेमच्या परिसरात लाकडाच्या ट्रकना गुपचूप जीपीएस लावले. दिवसा जंगलात आणि रात्री आरागिरणीकडे, असा ट्रकचा माग निघाला, आणि तो माग जिथून सुरू होत होता तिथे खरोखर तोड चालली होती. जीपीएस, उपग्रह, विमान आणि कागद ही चारही साधनं एकमेकांची साक्ष तपासतात, तेव्हा खटला उभा राहतो.

यावर आक्षेप आहेत आणि ते गंभीर आहेत. ड्रोन स्वस्त आहेत, त्यात कोणाचा जीव जात नाही. लिआन पिन कोह आणि सर्ज विच यांनी 2012मध्ये सुमात्रात दोन हजार डॉलरपेक्षा कमी खर्चाच्या ड्रोनने जंगल टिपून दाखवलं, आणि तेव्हापासून आदिवासी गावांच्या हातीही ड्रोन आले. हे चांगलंच झालं. पण छोट्या ड्रोनचा पल्ला काही किलोमीटरचा असतो, म्हणजे उडवणाऱ्याला लाकूडचोरांच्या जवळ, जमिनीवर उभं राहावं लागतं. जोखीम नाहीशी होत नाही; ती वैमानिकाकडून गावकऱ्याकडे जाते. मोठ्या पल्ल्याचे ड्रोन सेसनाहून महाग पडतात आणि त्यात खुर्ची नसते. दुसरा आक्षेप असा की सेंटिनेल-1सारखे रडार उपग्रह आता ढगांपलीकडचंही पाहतात, मग पावसाळ्यात उडूच न शकणारं विमान कशाला? मला यात विरोध दिसत नाही. ढगाळ महिन्यांत रडारने जागा हेरायच्या आणि जून ते नोव्हेंबरच्या उघडिपीत, जेव्हा चोरटे रस्ते वापरायला कोरडे होतात, तेव्हा विमानाने नेमक्या त्याच जागी जायचं, ही विभागणी ताशी तीस-पस्तीस लिटर पेट्रोल पिणाऱ्या विमानालाही परवडते. तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे. विमानाचा आवाज लांबून ऐकू येतो आणि माणसं पळून जातात. पळतात खरी, ओंडके आणि रस्ता मात्र पळत नाहीत.

खरी अडचण खिडकीबाहेर आहे. जुलियानो असुंसाऊ, क्लारिसा गांदूर आणि रोमेरो रोशा या अर्थतज्ज्ञांनी देतेरच्या इशाऱ्यांचा एका हुशार मार्गाने अभ्यास केला. ज्या तालुक्यांवर ढग जास्त राहिले तिथे इशारे कमी गेले, म्हणून दंडही कमी झाले, आणि पुढे तोड वाढली. म्हणजे पाहण्याने जंगल वाचतं, पण त्यामागोमाग माणूस दंडाची पावती घेऊन पोचतो म्हणून. तो माणूस पोचू नये यासाठीच हिंसा होते. जानेवारी 2022मध्ये मनाऊसच्या फ्लाइंग क्लबमध्ये उभ्या असलेल्या इबामाच्या हेलिकॉप्टरांना आग लावण्यात आली. याच सेसना दुसऱ्या बाजूलाही आहेत: यानोमामी आदिवासींच्या प्रदेशात बेकायदा सोनं काढणाऱ्यांना डिझेल, धान्य आणि माणसं पुरवणारी विमानं बहुतेक याच जातीची, चोरट्या धावपट्ट्यांवर उतरणारी. ती रोखण्यासाठी फेब्रुवारी 2023मध्ये ब्राझीलच्या हवाई दलाला तिथलं आकाशच ताब्यात घ्यावं लागलं. पेरूत साववेतो गावच्या एडविन चोता यांनी चोरट्या तोडीच्या तक्रारी वर्षानुवर्षं केल्या, तोडीच्या जागा अक्षांश-रेखांशांसह दिल्या. पाहणं कुठेही कमी पडलं नव्हतं. 1 सप्टेंबर 2014 रोजी ते आणि त्यांचे तीन सहकारी मारले गेले. खटल्याचा निकाल लागायला जवळपास दशक गेलं.

आणि धाड यशस्वी झाली तरी ओंडक्यांचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. पंचवीस-तीस टन लाकूड जंगलातल्या फडावरून शेकडो किलोमीटर दूरच्या सरकारी वखारीत न्यायला ट्रक, इंधन, मजूर आणि बंदोबस्त लागतो. तो नसला की जप्त मुद्देमाल सुपूर्दनाम्यावर अनेकदा तिथल्याच जमीनमालकाच्या किंवा गिरणीवाल्याच्या ताब्यात राहतो, आणि तोच बहुधा आरोपी असतो. तिथे तो कुजतो, किंवा एखाद्या रात्री हलतो. दंड ठोठावला जातो, अपिलात अडकतो आणि फार थोडा वसूल होतो. म्हणून हवाई गस्तीच्या तासांना पैसे मंजूर करणाऱ्या सरकारने आणि देणगीदारांनी त्याच कागदावर आणखी दोन रकमा लिहिल्या पाहिजेत: विमानाने दाखवलेल्या जागी आठवड्याच्या आत पोचणाऱ्या पथकाचा खर्च, आणि ओंडके उचलून आणणाऱ्या ट्रकचं भाडं.