मकरूह झाला म्हणजे रोजा तुटला का?

रमजान सुरू झाला की शाळेतली मुलं आणि त्यांच्या आयाही एकच प्रश्न विचारतात, "सर, रोजा मकरूह झाला, म्हणजे गेला का?"

नाही. मकरूह म्हणजे नापसंत काम. त्याने रोजा तुटत नाही, कजाही लागत नाही. पण सवाब कमी होतो. हा फरक ठाऊक नसला की नुकसान होतं. सालनाचं मीठ जिभेवर पाहिलं आणि "आता गेलाच रोजा" म्हणून कुणी पाणी पिऊन टाकतं. मीठ चाखून रोजा तुटला नव्हता, त्या पाण्याने मात्र तुटतो.

स्वयंपाकघरात: गरज नसताना पदार्थ चाखणं मकरूह आहे. मीठ कमी-जास्त झालं की घरात बोलणी खावी लागतात, अशा बाईला जिभेच्या टोकावर चाखून थुंकायची सवलत उलमांनी दिली आहे. घशाखाली मात्र काही जाता कामा नये. आणि घरच्यांनी इफ्तारला मिठावरून तोंड वाकडं केलं नाही, तर ही वेळच येणार नाही.

दात घासताना: हनफी मताप्रमाणे मिस्वाक दिवसभर चालते. आपल्या कोकणात बरीच घरं शाफई आहेत. त्यांच्याकडे दुपार ढळल्यावर मिस्वाक मकरूह मानतात. यावरून वाद नको, ज्याने त्याने आपल्या मसलकाप्रमाणे वागावं. टूथपेस्ट मकरूह आहे आणि ती घशात उतरली तर रोजा तुटतो. म्हणून पेस्टचं काम सहरीतच उरकावं. मशेरीला तर हातच लावू नये. तंबाखूचा रस घशात जायला वेळ लागत नाही.

वुजू करताना: नाकात पाणी नीट चढवा, पण रोजा असेल तर नको, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. खळखळून गुळण्या करणंही टाळावं. रोजा आठवत असताना पाणी चुकून घशात गेलं, तरी हनफी मताप्रमाणे रोजा तुटतो आणि कजा लागते.

अंगात त्राण राहणार नाही असं काम: रोज्यात रक्तदान केल्याने रोजा तुटत नाही, पण अशक्तपणा येणार असेल तर मकरूह आहे. ते इफ्तारनंतर करावं. उन्हाने जीव कासावीस झाला तर डोक्यावर पाणी घ्यायला हरकत नाही. प्रेषितांनीही (स.) रोज्यात तसं केल्याचं हदीसमध्ये आहे.

आणि जीभ: मिठाच्या कणाला आपण घाबरतो, पण इफ्तारची वाट बघत शेजारणीची गीबत करताना आपल्याला काहीच वाटत नाही. खोटं बोलणं, शिवीगाळ, भांडण यांनी रोजा तुटत नाही, पण पोकळ होतो. जो खोटं सोडत नाही, त्याच्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, असा हदीसचा आशय आहे.

तेव्हा शंका आली की आधी मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारा. उत्तर मिळेपर्यंत रोजा सोडू नका.