क्लोरीनला न जुमानलेली कावीळ : दिल्लीतील १९५५-५६ च्या साथीचा उलगडा

नवी दिल्ली : फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांमुळे दिल्लीची लोकसंख्या १९४१ मधील सुमारे ९ लाखांवरून १९५१ मध्ये १७ लाखांच्या पुढे गेली. वस्त्या वाढल्या, पण मैलापाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था त्या वेगाने वाढली नाही. त्याची झळ राजधानीला १९५५ च्या हिवाळ्यात बसली.

त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस यमुनेला पूर आला. पूर ओसरल्यावर नदीचा प्रवाह वजिराबाद येथील जलउपसा केंद्रापासून दूर सरकला आणि केंद्राच्या खालच्या बाजूस नदीला मिळणाऱ्या नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलटे चढून उपशाच्या ठिकाणी पोहोचले. नोव्हेंबरमध्ये सुमारे आठवडाभर हे दूषित पाणी केंद्रात येत होते.

यंत्रणा झोपली होती, असे मात्र म्हणता येत नाही. धोका ओळखून क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली आणि त्यामुळेच विषमज्वर वा हगवणीची साथ पसरली नाही. परंतु पाण्याची शुद्धता जिवाणूंच्या मोजणीवरून ठरवली जात असे आणि गढूळ पाण्यातील विषाणू क्लोरीनच्या त्या मात्रेतूनही तगून राहिला. या आजाराची लक्षणे दिसण्यास साधारण पाच-सहा आठवडे लागतात. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत घरोघरी रुग्ण आढळू लागले, तेव्हा नळाचे पाणी पूर्ववत झाले होते.

डॉ. आर. विश्वनाथन यांच्या अभ्यासानुसार सुमारे २९,३०० जणांना कावीळ झाली. डोळे पिवळे न पडलेले रुग्ण धरल्यास बाधितांची संख्या ९७ हजारांच्या घरात जाते. रुग्णांत तरुण व मध्यमवयीन अधिक होते. बहुतेक जण विश्रांतीने बरे झाले. गर्भवतींच्या वाट्याला मात्र निराळेच आले. कावीळ झालेल्या गर्भवतींपैकी सुमारे १० टक्के दगावल्या. इतर रुग्णांत हे प्रमाण अत्यल्प होते.

हा आजार दीर्घकाळ 'हेपॅटायटिस ए' समजला जात होता. पण भारतात बहुतेकांना 'ए'चा संसर्ग बालपणीच होऊन गेलेला असतो. मग प्रौढांनाच तो का व्हावा, याचे उत्तर मिळत नव्हते. ते साठवून ठेवलेल्या रक्तद्रवाच्या नमुन्यांतून मिळाले. दिल्लीतील नमुने नव्या चाचण्यांनी तपासले असता साथीचे कारण 'ए' नसल्याचे १९८० मध्ये स्पष्ट झाले. या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या डॉ. खोर्शेद पावरी यांचा सहभाग होता. त्याच सुमारास काश्मीरमधील साथीच्या अभ्यासातून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनीही हाच निष्कर्ष काढला. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन करून १९८३ मध्ये विषाणू दाखवून दिला. पुढे त्याला 'हेपॅटायटिस ई' हे नाव मिळाले.

वजिराबादला १९५९ मध्ये बंधारा बांधण्यात आला. नजफगढ नाला आजही त्याच्या खालीच यमुनेला मिळतो. आता संकट वरच्या बाजूनेही येते : हरियाणातून येणाऱ्या पाण्यात अमोनियाचे प्रमाण वाढले की वजिराबादचे जलशुद्धीकरण कमी करावे लागते आणि दिल्लीच्या अनेक भागांत नळ कोरडे पडतात.